सफाई दिवसा करायची ठरली तेव्हा: खराडीतल्या एका ऑफिसचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यात खराडीच्या एका आयटी पार्कमधलं आहे. तिथल्या एका कंपनीत फॅसिलिटीचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे नळ गळण्यापासून खुर्चीचं चाक निघण्यापर्यंत जे काही होईल, त्याचं उत्तर द्यायला मी. कंपनी, सफाईची एजन्सी आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आकडे त्या एका ऑफिसचे आहेत. दुसरीकडे ते तसेच लागू होतील असं समजू नये.

पार्श्वभूमी

दोन मजले, मिळून साधारण साठ हजार चौरस फूट. ५४० खुर्च्या, १४ मीटिंग रूम, दोन पँट्री, आठ वॉशरूम. जवळजवळ सगळीकडे कार्पेट टाइल्स. कार्पेट नसलेली मोकळी फरशी फक्त पॅसेज, लॉबी आणि कॅफेटेरियात.

हाउसकीपिंगला २२ माणसं होती. सकाळी सात ते साडेतीन या पाळीत १४ मावशी, रात्री दहा ते सहा पाच पुरुष, पँट्रीत दोन मुलं आणि एक सुपरवायझर. बायकांची पाळी सातच्या आत सुरू करायची नाही, हे आधीपासून ठरलेलं होतं. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षेची पूर्ण व्यवस्था करावी लागते. ती झंझट एजन्सीला नको होती.

करार ‘पर हेड’ होता. माणशी पगार, त्यावर पीएफ, ईएसआय, बोनस, एजन्सीचा सर्व्हिस चार्ज आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. दर जानेवारी आणि जुलैत किमान वेतनावरचा विशेष भत्ता बदलला की आमचं बिलही बदलायचं. एजन्सीला माणसं जास्त लागली तर फायदा, आम्हाला कमी लागली तर. अशा करारात कमी माणसांत काम कसं होईल याचा विचार कोणीच करत नाही. आम्हीही वर्षानुवर्षं केला नव्हता.

२०२०-२१मध्ये मात्र आम्ही खूप काही केलं आणि त्यातलं बरंचसं वाया गेलं. दर शनिवारी फॉगिंग, म्हणजे जंतुनाशकाची धुक्यासारखी फवारणी व्हायची. बंद जागेत अशी जंतुनाशकं फवारू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२०मध्येच सांगितलं होतं. तरी भाड्याने घेतलेल्या इमारतीत ‘आपण काहीतरी करतोय’ हे दिसावं लागतं, म्हणून ते चालू राहिलं. हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचच्या द्रावणाने, दारांच्या मुठी आणि नळांची चकाकी गेली. त्याचं बिल मी २०२२मध्ये भरलं.

अडचण

२०२३च्या सुरुवातीला हायब्रिड पद्धत, म्हणजे काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसातून काम, स्थिरावली. मंगळवार ते गुरुवार चारशेच्या आसपास लोक, सोमवारी दोनशे, शुक्रवारी नव्वद. सफाईचं वेळापत्रक मात्र पाचही दिवस तेच. शुक्रवारी मावशी कोणी बसलंच नव्हतं अशी टेबलं पुसत आणि बुधवारी दुपारी दोनला कॅफेटेरियाजवळच्या वॉशरूममधून आत पाय ठेवण्याआधीच लोक परत फिरत.

वॉशरूमच्या दारामागे तासातासाला सही करायची चेकलिस्ट लावलेली होती. एकदा मी अकराला गेलो, तर दुपारी दोनपर्यंतच्या सह्या झालेल्या. सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, “सर, ऑडिटला कागद लागतो ना.” खोटं काही नव्हतं त्यात. आम्ही कागद मागितला होता, त्याने तो दिला.

त्यातच परदेशातल्या मुख्यालयाकडून दोन मागण्या आल्या. हाउसकीपिंगचा खर्च १५ टक्के कमी करा आणि ग्रीन क्लीनिंगचं, म्हणजे पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या सफाईचं, धोरण लिहून द्या. दुसरी मागणी इमारतीच्या ‘लीड’ या हरित इमारतींच्या मानांकनासाठी होती. चालू इमारतींच्या मानांकनात असं धोरण ही पूर्वअट असते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांत सोपा: तीन माणसं कमी करायची, बाकी जसं आहे तसं. एजन्सीने दुसऱ्या दिवशीच कोटेशन दिलं. पण तीन माणसं कमी केली तरी बुधवारची गर्दी कमी होणार नव्हती.

दुसरा पर्याय व्हेंडरांच्या सादरीकरणांतून आला: फरशी धुणारा यंत्रमानव, वॉशरूममध्ये सेन्सर आणि मोठ्या पडद्यावर डॅशबोर्ड. व्यवस्थापनाला हा पर्याय फार आवडला. पाहुणे आले की दाखवता येतो.

तिसरा पर्याय दिवसा सफाईचा, म्हणजे रात्रपाळी बंद करून लोक ऑफिसात असतानाच, जिथे गरज आहे तिथे सफाई करायची. युरोपात ही पद्धत जुनी आहे. फायदे कागदावर सरळ दिसतात: रात्री दिवे आणि एसी चालू ठेवावे लागत नाहीत, सांडलेली कॉफी सकाळपर्यंत कार्पेटमध्ये मुरत नाही, रात्रपाळीची सुरक्षा आणि वाहतूक लागत नाही.

मी तिसऱ्या पर्यायाला दुसऱ्यातलं थोडं जोडलं. करार ‘पर हेड’वरून कामाच्या परिणामावर न्यायचा आणि माणसं २२वरून १७ करायची: मावशी ११, यंत्राच्या कामाला पुरुष तीन, दुपारी दीड ते रात्री दहा. पँट्री आणि सुपरवायझर तसेच.

निर्णयाची पहिली जागा: यंत्रमानव

तीन आठवड्यांची चाचणी घेतली. यंत्र चांगलं होतं. नकाशा शिकायचं, माणूस आडवा आला की थांबायचं. पण आमची मोकळी फरशी जेमतेम नऊ हजार चौरस फूट. मागून ढकलायच्या साध्या स्क्रबरने, म्हणजे फरशी घासायच्या यंत्राने, ते तासाभराचं काम. यंत्रमानवाला कॅफेटेरियात खुर्च्या उचलून ठेवायला माणूस लागायचा, टाकीत पाणी भरायला माणूस लागायचा, घाण पाण्याची टाकी रिकामी करायलाही माणूसच. तो कुठे अडकला तर एजन्सीचा मुलगा त्याच्यामागे धावायचा. विमानतळ, मॉल, मोठं गोदाम अशा ठिकाणी हे यंत्र पैसे वसूल करून देत असेल. कार्पेटच्या ऑफिसात नाही. आम्ही साधा स्क्रबर आणि पाठीवर अडकवायचे दोन बॅटरीवरचे व्हॅक्यूम घेतले, बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरवाले. दिवसा काम करायचं तर आवाज कमी हवा आणि वायर कोणाच्या पायात यायला नको.

व्यवस्थापनातले एक साहेब बरेच दिवस विचारत राहिले, “आपला रोबो कुठे गेला?”

दुसरी जागा: सेन्सर काय मोजतो

वॉशरूमच्या दारावर माणसं मोजणारे सेन्सर लावले. कॅमेरा नाही, साधे इन्फ्रारेड. साठ माणसं येऊन गेली की सुपरवायझरच्या फोनवर सूचना. पहिल्या बुधवारी फोन थांबेचना. शिवाय अ‍ॅप इंग्रजीत होतं. सूचना सुपरवायझर वाचणार, मग मावशींना शोधत जाणार, तोवर पुढची सूचना. मर्यादा साठवरून नव्वदवर नेली, मावशींसाठी तीन वेगळे फोन घेतले आणि मजकुराऐवजी मजल्याचा आकडा आणि रंग एवढंच ठेवलं. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आकड्यांनी एक गोष्ट दाखवली: पाचव्या मजल्यावरचं कॅफेटेरियाजवळचं वॉशरूम उत्तर कोपऱ्यातल्या वॉशरूमच्या तिपटीने वापरलं जात होतं. पण तिथली खरी तक्रार वेगळी होती. बेसिनचा ओटा कायम ओला, त्यावर भाताची शितं आणि तेलाचा थर. सेन्सरच्या हिशोबाने तिथे तासाला एकदा सफाई पुरायला हवी होती. तिथली मावशी म्हणाली, “सर, माणसं नका मोजू, डबे मोजा. दीड ते अडीच सगळे इथंच डबे विसळतात.”

पँट्रीचं सिंक इतकं अरुंद होतं की त्यात मोठा डबा मावत नव्हता आणि पाणी अंगावर उडायचं. आम्ही पँट्रीत खोल सिंक बसवलं, वर डबे धुण्याचा लिक्विड सोप ठेवला. प्लंबरसकट आलेला खर्च सेन्सरच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढासुद्धा नव्हता. त्या वॉशरूमच्या तक्रारी त्याच महिन्यात निम्म्याहून खाली आल्या.

कापड, केमिकल आणि वास

हा भाग तांत्रिक आहे, पण पैसा आणि चुका दोन्ही इथे बऱ्याच झाल्या.

आधी एकच पिवळं फडकं टेबलावर, पँट्रीत आणि कधीकधी बेसिनवरही फिरायचं. आता मायक्रोफायबर आलं, रंग ठरवून: टॉयलेटला लाल, बेसिन आणि आरशांना पिवळं, टेबलांना निळं, पँट्रीला हिरवं. ब्रिटनमध्ये रुळलेली ही रंगपद्धत आता भारतातल्या मोठ्या एजन्सींकडेही असते. रंग पाळणं मावशींना दोन दिवसांत जमलं. न जमलेली गोष्ट होती धुणं. मायक्रोफायबरचे तंतू घाण धरून ठेवतात ते त्यांच्या बारीक फाटांमुळे. ब्लीच, कडक उकळतं पाणी किंवा फॅब्रिक सॉफ्टनर लागलं की ते निकामी. बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीन बसवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात एका मुलाने सवयीने त्यात ब्लीच ओतलं. साठ कापडं गेली. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. प्रशिक्षण फक्त मावशींना दिलं होतं, धुणाऱ्याला नाही. पावसाळ्यात ती वाळणार कुठे, हेही कोणी ठरवलं नव्हतं. जुलैभर आग लागल्यावर उतरायच्या जिन्यात दोऱ्या बांधून निळी-हिरवी फडकी लटकत होती. फायर ऑफिसरने पाहिलं, त्यानंतर ड्रायर आला.

केमिकल मोजून मिसळणारा भिंतीवरचा डिस्पेन्सर लावला. त्याआधी टोपणाच्या मापाने, म्हणजे हाताला येईल तसं, ओतलं जायचं. वापर बराच कमी झाला. टॉयलेट क्लीनरमधल्या आम्लाने लॉबीतल्या संगमरवराला पांढरे डाग पडायचे, तेही थांबलं. ते केमिकल आता टॉयलेटच्या बाहेर न्यायचंच नाही. आम्ल आणि हायपोक्लोराइट एका बादलीत पडले तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून हायपोक्लोराइट स्टोअरमधूनच काढून टाकलं.

पण वास गेला. ग्रीन क्लीनिंगची केमिकल बिनवासाची. पहिल्याच आठवड्यात सहा तक्रारी आल्या: “आज फिनेल मारलेलं नाही.” आपल्याकडे स्वच्छता नाकाने तपासतात. आम्ही एक पत्रक काढलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. तीन महिन्यांनी लोक विसरले.

स्वच्छता मोजायला एटीपी मीटर भाड्याने आणला. कापसाच्या बोळ्याने पृष्ठभाग पुसायचा, यंत्र त्यावरच्या सेंद्रिय अंशाचा आकडा देतं. सगळ्यांत जास्त आकडा फ्रिजच्या मुठीचा आणि कॉफी मशीनच्या बटणाचा, टॉयलेट सीटचा त्याहून पुष्कळ कमी. लगेच मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, “फ्रिजवर संडासापेक्षा जास्त जंतू!” तसं नसतं. हा मीटर जंतू ओळखत नाही. दूध, कॉफी, हाताचं तेल यांनीही आकडा चढतो. तो फक्त सांगतो, इथे फडकं नीट फिरलेलं नाही. तेवढ्यासाठी तो उपयोगी पडला. फ्रिज, कॉफी मशीन, प्रोजेक्टरचे रिमोट आणि लिफ्टची बटणं रोजच्या यादीत वर गेली. रिकाम्या टेबलांचं पुसणं खाली.

तिसरी जागा: पाळीची वेळ

इथे माझी सगळ्यांत मोठी चूक झाली.

मावशींची पाळी सात ते साडेतीनवरून दहा ते साडेसहा करायची होती, म्हणजे गर्दीच्या वेळी सगळे हजर. मी पँट्रीत पंधरा मिनिटांची बैठक घेतली. सुपरवायझरने वाचून दाखवलं. एका मावशींनी विचारलं, “म्हणजे सुटायचं किती वाजता?” साडेसहा, मी म्हणालो. कोणी काही बोललं नाही. त्या गप्प बसण्याला मी होकार समजलो.

सहा आठवड्यांत १४ पैकी पाच जणी सोडून गेल्या. त्यातल्या दोघी या इमारतीत नऊ वर्षं होत्या.

कारण नंतर कळलं, तेही एकीला फोन केल्यावर. चंदननगर आणि वडगावशेरीतून येणाऱ्या बहुतेक जणी साडेतीनला सुटून आसपासच्या सोसायट्यांत दोन-तीन घरची धुणीभांडी किंवा संध्याकाळचा स्वयंपाक करत. तो पैसा ऑफिसच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास होता. काहींसाठी साडेतीन ही मुलांची शाळा सुटल्यावर घरी पोचायची वेळ. पाळी तीन तास पुढे सरकवताना आम्ही त्यांची दुसरी कमाई काढून घेत होतो आणि हे आमच्या कोणत्याच कागदावर नव्हतं.

एक गोष्ट लिहायलाच हवी. आमच्या एक्सेल शीटमध्ये गेलेल्या पाचपैकी तिघी ‘आपोआप कमी’ म्हणून आल्या, कारण तीन मावशी तशाही कमी करायच्या होत्या. आढावा बैठकीत या आकड्यावर कोणीतरी ‘छान’ असंही म्हणालं. मी तेव्हा काही बोललो नाही.

दुरुस्ती दोन महिन्यांनी झाली. पाळ्या दोन केल्या आणि निवड मावशींवर सोडली. चार जणींनी सात ते साडेतीन घेतली, सात जणींनी दहा ते साडेसहा. दहावाल्यांपैकी तिघींनी घरकामं सकाळी हलवून घेतली होती. गंमत म्हणजे ही रचना कामालाही बरी ठरली: नऊच्या आत मीटिंग रूम आणि टेबलं उरकतात, दहा ते साडेतीन या गर्दीत सगळ्या अकरा जणी असतात. मंगळवार ते गुरुवारची गर्दी जवळजवळ याच वेळेत असते. सेन्सरचे आकडे आमच्याकडे आधीपासून होते. ते नीट पाहिले असते तर साडेसहापर्यंत सगळ्यांना थांबवायची गरजच नव्हती, हे त्यातच दिसत होतं. सोडून गेलेल्यांपैकी एक परत आली. बाकीच्या आल्या नाहीत.

दिवसा दिसू लागलेल्या गोष्टी

सफाई दिवसाउजेडी आल्यावर काही प्रश्न नव्याने पुढे आले. ट्रॉली घेऊन मावशी प्रवासी लिफ्टने जाऊ लागल्या, तेव्हा इमारतीच्या व्यवस्थापनाने हरकत घेतली: हाउसकीपिंगने सर्व्हिस लिफ्टच वापरायची. सर्व्हिस लिफ्ट एक, तीही दुपारी कॅफेटेरियाच्या मालाने भरलेली. यात दोन आठवडे पत्रव्यवहार झाला. शेवटी ट्रॉली सर्व्हिस लिफ्टने, माणूस कोणत्याही लिफ्टने, असं ठरलं.

मावशी जेवायच्या कुठे, हा प्रश्न मी आठ वर्षांत विचारला नव्हता. आग लागल्यावर उतरायच्या त्याच जिन्यात, वर्तमानपत्र पसरून. त्यांना चौथ्या मजल्यावरची एक छोटी मीटिंग रूम दिली. दार लावता येतं, पंखा आहे, लॉकर आहेत. ही रूम काढून घेतल्याबद्दल दोन टीम अजूनही नाराज आहेत.

मीटिंग चालू असताना बाई आत येते, अशा तक्रारी आल्या. दारावर ‘सफाई करा / नंतर या’ अशी फिरवायची पाटी लावली. पहिल्या तिमाहीनंतर या तक्रारी जवळजवळ थांबल्या. टेबलावर तसेच सोडलेले कागदी कपही कमी झाले. ते उचलणारी बाई आता समोर असते, म्हणून बहुधा.

परिणाम

वर्षअखेरीस खर्च नऊ टक्के कमी झाला, १५ नाही. माणसं पाच कमी झाली, पण यंत्रं, ड्रायर, सेन्सरचं भाडं आणि मधल्या काळात वाढलेलं किमान वेतन यांनी बरंचसं खाल्लं. रात्रीचे दिवे आणि एसी बंद झाल्याचा फायदा चांगला होता, पण तो वीजबिलाच्या खात्यात गेला. माझ्या बजेटमध्ये त्याची शाबासकी मिळाली नाही. तक्रारी महिन्याला चाळीसच्या आसपास होत्या, त्या पंधरावर आल्या. रात्रपाळीच्या ज्या दोघांना एजन्सी दुसऱ्या साइटवर नेणार होती, त्यातला एकच गेला. दुसऱ्याचं काय झालं ते सुपरवायझरलाही ठाऊक नव्हतं.

परिणामावरच्या करारात एक धोका असतो: एजन्सी गुपचूप माणसं किंवा पगार कमी करते आणि बिल तेच ठेवते. म्हणून मी करारात किमान १७ माणसांची अट घातली आणि दर महिन्याला पगारपत्रक आणि पीएफचं चलन पाहिल्याशिवाय बिल पास करायचं नाही, असं ठेवलं. तेव्हा लागू असलेल्या कंत्राटी कामगारांच्या १९७०च्या कायद्याप्रमाणे कंत्राटदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाला द्यावा लागायचा. हे वाक्य दाखवल्यावर आमच्या फायनान्सने ती अट एका दिवसात मान्य केली.

पुन्हा करायचं झालं तर

आधी वेळ विचारेन, यंत्र नंतर. प्रत्येक मावशीशी वेगळं, सुपरवायझर समोर नसताना, आणि घरी मुलं किती, बाहेर कामं किती, बस कोणती हे विचारून. चौदा जणींशी बोलायला दोन दिवस लागले असते.

सेन्सर वर्षभराच्या कराराने न घेता दोन महिने भाड्याने घेईन. गर्दीचा आराखडा तेवढ्यात कळतो. नंतर तो फारसा बदलत नाही. रंगीत फडक्यांच्या आधी धुण्याची आणि वाळवायची जागा ठरवेन.

ग्रॅच्युइटीचा प्रश्न मला सोडवता आला नाही. तेव्हाच्या नियमाने एकाच मालकाकडे सलग पाच वर्षं भरली तर ती मिळायची. नऊ वर्षांत या ऑफिसने तीन एजन्सी बदलल्या, प्रत्येक वेळी मावशींची नोकरी नव्याने सुरू झाल्याचं धरलं गेलं आणि सोडून गेलेल्या त्या दोघींच्या हातात काही पडलं नाही. पुढच्या टेंडरमध्ये जुन्या सेवेचा हिशोब नव्या एजन्सीने चालू ठेवावा, अशी अट मी मसुद्यात घातली आहे. दोन एजन्सींनी लगेच दर वाढवून सांगितला. लीगलकडे फाइल गेली आहे.

आणि शुक्रवार अजून सुटलेला नाही. नव्वद लोकांसाठी अकरा जणी जास्त होतात, म्हणून निम्म्यांना रविवारऐवजी शुक्रवारी सुट्टी घ्या आणि रविवारी कार्पेट शॅम्पू करा, असं सुचवून पाहिलं. या वेळी आधी विचारलं. एकही तयार झाली नाही. मुलं रविवारी घरी असतात. सध्या शुक्रवारी खुर्च्या धुतो.